वरिष्ठांच्या कानावर घातलं, पुढे?

७ नोव्हेंबर २०११ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्याचे पोलीस आयुक्त फ्रँक नूनन पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी एकाच माणसाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जो पटर्नो यांनी कायद्याने सांगितलेलं काम केलं होतं, ही पहिली. दुसरी अशी की, एका मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं ज्याला कळलं आहे, त्याचं माणूस म्हणून काही कर्तव्य उरतं का, हे कोणीतरी विचारलंच पाहिजे. दोनच दिवसांपूर्वी पटर्नो यांचा अनेक वर्षांचा सहकारी जेरी सँडस्की याला अटक झाली होती. आणखी दोन दिवसांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, विश्वस्तांनी पटर्नो यांना फोनवरून पदावरून दूर केलं. विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांचंही पद त्याच रात्री गेलं. चिडलेले हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी एका वृत्तवाहिनीची गाडी उलथून टाकली. त्यांचा राग प्रशिक्षकाला काढल्याबद्दल होता.

नूनन यांच्या प्रश्नावर त्यानंतर न्यायालयांत, विधिमंडळांत, चौकशी अहवालांत आणि पुस्तकांत भरपूर वाद झाला. कोणाला किती कळलं होतं, कोणी कोणता शब्द वापरला, कायद्याच्या कोणत्या पोटकलमात कोण बसतं, यावर हजारो पानं खर्ची पडली. हे सारं वाचताना माझं मत एका जागी ठाम होत गेलं. ‘मी वरच्यांना सांगितलं होतं’ या वाक्याने नैतिक जबाबदारी संपत नाही. त्या मुलाला कोणी शोधलं का, त्याला कोणी काही विचारलं का, तो आता सुरक्षित आहे का, हे पाहिल्याशिवाय ती संपू शकत नाही. पेन स्टेटमध्ये दहा वर्षं ही साधी चौकशी कोणी केली नाही.

आधी ते गाव समजून घ्यायला हवं. स्टेट कॉलेज हे गाव विद्यापीठाच्या आधाराने वाढलेलं. तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाख सहा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. पटर्नो १९५० साली तिथे सहायक म्हणून आले आणि १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक होते. खेळाडूंनी अभ्यासही केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी स्वतः मोठी देणगी दिली होती आणि ग्रंथालयाच्या एका इमारतीला त्यांचं नाव आहे. म्हणजे ते नुसते सामने जिंकणारे प्रशिक्षक नव्हते, गावाच्या सचोटीचा पुरावा म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवत. सँडस्की त्यांच्या हाताखाली बचावफळीचा प्रशिक्षक होता. १९७७ मध्ये त्याने ‘द सेकंड माइल’ ही गरजू मुलांसाठीची धर्मादाय संस्था काढली. वडील नसलेली, घरात ओढाताण असलेली मुलं तिथे येत. त्यांना तो सामन्यांना नेई, भेटवस्तू देई, विद्यापीठाच्या व्यायामशाळेत घेऊन येई. मुलांची निवड तिथेच होत होती, हे पुढे खटल्यात उघड झालं.

पहिली तक्रार मे १९९८ मधली. अकरा वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याचे केस ओले होते. आईने विचारलं. सँडस्कीने आपल्याबरोबर शॉवरखाली अंघोळ केली, मिठी मारली, असं त्याने सांगितलं. ही आई आधी एका मानसशास्त्रज्ञाशी बोलली आणि मग थेट विद्यापीठाच्या पोलिसांकडे गेली. पोलिसांनी तिच्या घरात लपून सँडस्कीचं तिच्याशी झालेलं बोलणं ऐकलं. त्यात त्याने चूक मान्य केली, क्षमा मागितली, मेलो असतो तर बरं झालं असतं, असंही म्हटलं. त्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लेखी सांगितलं की, मुलांना हळूहळू जाळ्यात ओढणाऱ्या माणसाचं वागणं असंच असतं. दुसऱ्या एका समुपदेशकाने मात्र तसं काही दिसत नाही, असं मत दिलं. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल केला नाही. मुलांबरोबर पुन्हा अंघोळ करू नका, एवढी समज देऊन प्रकरण मिटलं.

त्या दिवसांतली विद्यापीठाचे उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांची हस्ताक्षरातली टिपणं पुढे सापडली. विद्यापीठाचे पोलीस त्यांच्या अखत्यारीत होते. यातून आणखी काही बाहेर निघणार का, आणखी मुलं आहेत का, असा प्रश्न त्यांनी त्यांत स्वतःसाठी लिहून ठेवला होता. या टिपणाचा विचार करताना मला फार अस्वस्थ व्हायला होतं. योग्य प्रश्न सुचला होता, तो कागदावर उतरला होता आणि तो कागद फायलीत गेला. पुढच्याच वर्षी सँडस्की निवृत्त झाला. त्याला एकरकमी १,६८,००० डॉलर, मानद प्राध्यापकाचा दर्जा, कार्यालय आणि क्रीडासंकुलाच्या किल्ल्या मिळाल्या.

२००० सालच्या शरद ऋतूत एका सफाई कामगाराने त्याच संकुलातल्या शॉवरमध्ये सँडस्कीला एका मुलावर अत्याचार करताना पाहिलं. कोरियाच्या युद्धात लढलेला हा माणूस थरथरत सहकाऱ्यांकडे आला. वरिष्ठ कामगाराने कोणाकडे जायचं ते त्याला सांगितलं, पण तो गेला नाही. बाकीचेही गप्प राहिले. नोकरी जाईल, ही भीती त्यांनी पुढे चौकशीत बोलून दाखवली. फुटबॉलविरुद्ध तोंड उघडणं म्हणजे देशाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभं राहण्यासारखं वाटलं असतं, अशा अर्थाचं एक जण म्हणाला. त्यांच्या मौनाला मी निर्दोष म्हणणार नाही. पण ज्याची रोजीरोटी एका शब्दावर जाऊ शकते आणि ज्याच्या एका फोनवर सगळं थांबू शकतं, या दोघांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. जबाबदारी अधिकाराच्या प्रमाणात वाढते, हे आपण एरवी सहज मान्य करतो.

मग येते ९ फेब्रुवारी २००१ ची शुक्रवारची रात्र. सव्वीस वर्षांचा सहायक माइक मॅक्वेरी क्रीडासंकुलात गेला असता त्याने सँडस्कीला दहाएक वर्षांच्या मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिलं. आपण लॉकरचं दार जोरात आपटलं आणि ते थांबल्याची खात्री करून बाहेर पडलो, असं त्याने नंतर साक्षीत सांगितलं. त्याने वडिलांना फोन केला. वडिलांनी घरी बोलावलं, ओळखीचे एक डॉक्टरही आले. पोलिसांना फोन करायचा नाही, सकाळी प्रशिक्षकांना सांगायचं, असं तिथे ठरलं. शनिवारी त्याने पटर्नो यांना सांगितलं. पटर्नो यांनी रविवारी क्रीडासंचालक टिम कर्ली आणि शुल्ट्झ यांच्या कानावर घातलं. एक दिवस का थांबलात, याचं त्यांनी ग्रँड ज्युरीसमोर दिलेलं कारण असं होतं की, त्या लोकांच्या शनिवार-रविवारच्या सुट्टीत व्यत्यय आणायचा नव्हता. काहीतरी लैंगिक स्वरूपाचं घडत होतं, हे आपल्याला समजलं होतं, हेही त्यांनी त्याच साक्षीत सांगितलं.

त्या रविवारीच शुल्ट्झ यांनी विद्यापीठाच्या वकिलांचा सल्ला घेतला. वकिलांच्या बिलात त्या दिवशीचं काम नोंदलेलं आहे. विषय होता संशयित बाल अत्याचार कळवण्याचा आणि वेळ जवळपास तीन तास. म्हणजे पहिल्याच दिवशी प्रश्न नेमका समोर होता. कळवायचं का, यावर पुढचे पंधरा दिवस खल झाला. पंचवीस फेब्रुवारीच्या सुमारास ठरलं की सँडस्कीशी बोलायचं, त्याच्या संस्थेला सांगायचं आणि राज्याच्या बालकल्याण खात्यालाही कळवायचं. दोन दिवसांनी कर्ली यांनी ईमेल पाठवला. विचार केल्यावर आणि जो यांच्याशी बोलल्यावर, आधी सँडस्कीलाच भेटावं आणि त्याने सहकार्य केलं तर खात्याला कळवू नये, असं त्यांना वाटत होतं. स्पॅनियर यांनी होकार दिला. ही माणुसकीची आणि वाजवी पद्धत आहे, असं त्यांनी लिहिलं. एकच धोका आहे, सँडस्कीने ऐकलं नाही तर न कळवल्याबद्दल आपण अडचणीत येऊ, अशी पुस्तीही जोडली.

सँडस्कीला आवारात मुलं आणू नको, असं बजावलं गेलं. हा मनाई हुकूम पाळला जातो का, हे पाहायला कोणी नव्हतं. त्याच्या संस्थेचे प्रमुख स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी २०१७ च्या खटल्यात सांगितलं की, मुलांबरोबर शॉवर घ्यायचाच असेल तर पोहण्याची चड्डी घालत जा, असा सल्ला त्यांनी सँडस्कीला दिला होता.

आता मोजून पाहा. मॅक्वेरी, त्याचे वडील, डॉक्टर, पटर्नो, कर्ली, शुल्ट्झ, वकील, स्पॅनियर आणि संस्थेचे प्रमुख. किमान नऊ जाणती, शिकलेली, प्रतिष्ठित माणसं. प्रत्येकाला कमी-अधिक कळलं, बहुतेकांनी कोणाला तरी सांगितलं. तो मुलगा कोण होता, हे मात्र कोणीच शोधलं नाही. माणुसकी दाखवली गेली ती सँडस्कीला. धोका मोजला गेला तो विद्यापीठाचा. तो मुलगा त्या ईमेलच्या हिशेबात कुठेच नाही. २०१२ च्या खटल्यातही ज्युरीसमोर तो अनोळखीच राहिला. २००१ नंतर ज्यांच्यावर अत्याचार झाला, अशी मुलं मात्र त्या न्यायालयात साक्षीला उभी होती.

साखळी तुटली ती विद्यापीठाच्या बाहेर. २००८ मध्ये शेजारच्या परगण्यातल्या एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या आईने तक्रार केली. सँडस्की त्या शाळेत स्वयंसेवक प्रशिक्षक म्हणून येत असे. शाळेत आधी आपल्याला घरी जाऊन विचार करायला सांगितलं गेलं, असं त्या आईने पुढे जाहीरपणे सांगितलं, पण ती हटली नाही आणि तक्रार बालकल्याण यंत्रणेकडे गेली. चौकशी तीन वर्षं चालली. सारा गॅनिम या तरुण बातमीदाराने मार्च २०११ मध्ये ‘पॅट्रियट-न्यूज’मध्ये ग्रँड ज्युरीच्या चौकशीची बातमी छापली, तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी तिला आणि तिच्या वृत्तपत्राला पुलित्झर मिळालं. २२ जून २०१२ रोजी सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरला. त्याला ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. पटर्नो त्याआधीच, जानेवारीत, कर्करोगाने गेले होते. आता मागे वळून पाहताना आणखी काही करायला हवं होतं असं वाटतं, अशा अर्थाचं त्यांचं निवेदन त्यांना काढलं त्या दिवशीच प्रसिद्ध झालं होतं.

यानंतर जो वाद झाला, त्यात दोन तट पडले. एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांच्या जुलै २०१२ च्या अहवालाने पटर्नो, कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर या चौघा बड्यांवर ठपका ठेवला. विद्यापीठाची बदनामी टाळण्यासाठी त्यांनी महत्त्वाच्या गोष्टी दडवल्या आणि मुलांच्या सुरक्षेची फिकीर केली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पटर्नो कुटुंबाने २०१३ मध्ये स्वतःचा अहवाल काढला. त्याचं म्हणणं असं की, सँडस्की हा सराईत फसवणारा होता, त्याने संपूर्ण गावाला, मानसशास्त्रज्ञांना आणि सरकारी यंत्रणेलाही गुंगारा दिला, मग एका प्रशिक्षकालाच दोष का? माल्कम ग्लॅडवेल यांनी २०१९ च्या ‘टॉकिंग टू स्ट्रेंजर्स’ या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. माणसं एकमेकांवर विश्वास ठेवूनच जगतात, संशय फार गोळा झाल्याशिवाय आपण कोणाला खोटं मानत नाही, म्हणून पेन स्टेटच्या अधिकाऱ्यांना गुन्हेगार ठरवणं बरोबर नाही, असा त्यांचा रोख आहे.

हा युक्तिवाद मला एका मर्यादेपर्यंत पटतो. ओळखीच्या, हसतमुख, देणग्या गोळा करणाऱ्या माणसाबद्दल असं काही मनात आणणं खरोखर अवघड असतं. मॅक्वेरीने नेमकं काय आणि किती स्पष्ट शब्दांत सांगितलं, यावरही साक्षी जुळत नाहीत. त्या रात्रीच्या डॉक्टरांच्या आठवणीत लैंगिक कृत्याचं वर्णन नाही. पण कळवण्याचा नियम खात्री झालेल्या माणसासाठी केलेलाच नाही. तो शंका असलेल्या माणसासाठी आहे. शंका खरी की खोटी, हे ठरवण्याचं काम तपास करणाऱ्याचं. अधिकाऱ्यांना शंका होती, नाहीतर वकिलांचे तीन तास आणि दोन आठवड्यांचे ईमेल कशासाठी? आणि १९९८ ची फाईल शुल्ट्झ यांच्याच कपाटात होती. विश्वासाने आंधळी झालेली माणसं, न कळवल्याबद्दल आपण अडचणीत येऊ का, याचा हिशेब मांडत नाहीत.

सामाजिक मानसशास्त्रातलं आणखी एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, दुसऱ्याला फीट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटलं, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. पाहणारे वाढले की जबाबदारी वाटली जाते, हे खरं आहे. पण विद्यापीठ म्हणजे अनोळखी लोकांची गर्दी नव्हे. तिथे प्रत्येकाला आपल्या वरचा माणूस माहीत असतो. जबाबदारी विरून जात नाही, ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते आणि सरकवणाऱ्याला काम झाल्याचं समाधान देते. वरच्या टेबलावर पोचेपर्यंत मुलाचा विषय संस्थेचा विषय झालेला असतो.

कायद्याने हेच घडू दिलं होतं, किंबहुना तसं करायला सांगितलं होतं. डॉ. हेन्री केंप यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणांवर लेख लिहिला आणि त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेतल्या राज्यांनी अत्याचार कळवणं बंधनकारक करणारे कायदे केले. सुरुवात डॉक्टरांपासून झाली, मग शिक्षक, परिचारिका वगैरे यादी वाढत गेली. पेनसिल्व्हेनियाच्या तेव्हाच्या कायद्यात दोन भोकं होती. संस्थेतल्या कर्मचाऱ्याने संस्थाप्रमुखाला सांगितलं की त्याचं कर्तव्य पूर्ण होई, सरकारला कळवायचं ते प्रमुखाने. आणि मूल आपल्या व्यवसायाच्या निमित्ताने समोर आलेलं असलं, तरच कर्तव्य सुरू होई. पहिल्या भोकातून पटर्नो सुटले. दुसऱ्यामुळे असा बचाव करता येत होता की, तो मुलगा विद्यापीठाचा कोणी नव्हताच. २०१४ च्या दुरुस्त्यांनी दोन्ही बुजवली. आता कर्मचाऱ्याने स्वतः थेट राज्याच्या चाइल्डलाइन या तक्रार-सेवेला कळवायचं आणि मग वरिष्ठांना सांगायचं. मूल त्याच्यासमोर येण्याचीही अट नाही.

कर्ली आणि शुल्ट्झ यांनी मार्च २०१७ मध्ये मुलांची सुरक्षा धोक्यात घातल्याचा किरकोळ श्रेणीचा गुन्हा कबूल केला. स्पॅनियर त्याच आरोपाखाली दोषी ठरले आणि अपिलांच्या फेऱ्यांनंतर २०२१ मध्ये त्यांनी दोन महिन्यांच्या आसपास तुरुंगवास भोगला. मॅक्वेरीची नोकरी गेली. त्याने विद्यापीठावर दावा लावला आणि २०१६ मध्ये त्याला एकूण १.२ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली. त्याच्यावर लोकांनी दोन्ही बाजूंनी राग काढला. मुलाला तिथून उचलून का आणलं नाहीस, हा एक राग आणि आमच्या प्रशिक्षकाचं नाव का घेतलंस, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात तथ्य आहे. पण साखळीतल्या सर्वांत खालच्या माणसाने निदान नाव घेऊन सांगितलं, पुढे शपथेवर सांगितलं आणि त्याची किंमत मोजली.

सार्वजनिक चर्चा मात्र भलतीकडेच गेली. महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने विद्यापीठाला सहा कोटी डॉलर दंड केला, चार वर्षं मोसमानंतरच्या सामन्यांवर बंदी घातली आणि १९९८ पासूनचे ११२ विजय रद्द केले. पटर्नो यांचा पुतळा हलवला गेला. मग भांडण पेटलं ते विजयांवर. २०१५ च्या जानेवारीत विजय परत मिळाले, पटर्नो यांच्या नावावर पुन्हा ४०९ लागले आणि गावाने आनंद साजरा केला. ज्या खेळाडूंनी काही केलं नव्हतं त्यांचे विजय पुसण्यात मलाही काही अर्थ दिसला नाही. पण शिक्षा आकड्यांत दिली की भांडणही आकड्यांवरच होतं. विद्यापीठाने तीसहून अधिक पीडितांना मिळून दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त भरपाई दिली. हा आकडा तिथल्या किती चाहत्यांना पाठ असेल?

पेन स्टेटचा धडा घेऊन इतर विद्यापीठं शहाणी झाली असतील, असं मानायला मिशिगन स्टेटने जागा ठेवली नाही. लॅरी नासर तिथे क्रीडावैद्यक होता आणि अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचाही डॉक्टर होता. इथे तर पाहणाऱ्याने सांगण्याचा प्रश्नच नव्हता, मुली स्वतः सांगत होत्या. १९९७ मध्येच दोन किशोरवयीन मुलींनी विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेला सांगितल्याचं पुढे न्यायालयात सांगितलं. २०१४ मध्ये एका तरुणीने रीतसर तक्रार केली. विद्यापीठाने तज्ज्ञांचं मत घेतलं, ते तज्ज्ञ नासरच्याच परिचयातले. ही उपचारपद्धती आहे, तक्रारदाराला फरक समजला नाही, असा निकाल लागला. हातमोजे घाला, खोलीत तिसरं माणूस ठेवा, अशा अटी घातल्या गेल्या आणि त्या पाळल्या जातात का, हे इथेही कोणी पाहिलं नाही. जिम्नॅस्टिक्स संघटनेने २०१५ च्या उन्हाळ्यात स्वतःची चौकशी उरकून एफबीआयला कळवलं, पण विद्यापीठाला नाही. एफबीआयचे अधिकारी त्यावर बसून राहिले. न्यायखात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालानुसार त्या काळात नासरने किमान सत्तरएक जणींवर अत्याचार केले. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘इंडियानापोलिस स्टार’मध्ये रेचल डेनहॉलँडर यांनी नाव लावून तक्रार केली, तेव्हा कुठे चक्र फिरलं. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात निवेदनं केली. विद्यापीठाने ५० कोटी डॉलरची तडजोड केली.

म्हणजे पोलिसांपर्यंत पोचलं की संपलं, असंही नाही. १९९८ मध्ये ते पोलिसांपर्यंत पोचलं होतं, २०१५ मध्ये एफबीआयपर्यंत. पेनसिल्व्हेनियाने कायदा सुधारला, कळवणाऱ्यांची यादी वाढवली, प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि २०१५ मध्ये चाइल्डलाइनवर आलेले सुमारे ४२,००० फोन उचललेच गेले नाहीत, असं राज्याच्या लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं. सक्तीच्या कायद्यावर आक्षेप घेणारेही याकडे बोट दाखवतात. भीतीपोटी केलेल्या तक्रारींचा पूर येतो, गरीब आणि कृष्णवर्णीय घरांवर चौकशांचा मारा होतो आणि खरी प्रकरणं ढिगाखाली जातात, हे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण घरातली गरिबी तक्रार म्हणून नोंदवणं आणि संस्थेतल्या बलाढ्य माणसाबद्दलची शंका कळवणं, या दोन गोष्टी एका पारड्यात घालता येत नाहीत. क्रीडासंकुलात तक्रारींचा पूर कधीच आला नव्हता.

भारताने हा प्रश्न कागदावर तरी वेगळ्या पद्धतीने सोडवला. पॉक्सो कायद्याला १९ जून २०१२ रोजी मंजुरी मिळाली, सँडस्कीच्या निकालाच्या तीनच दिवस आधी. त्याच्या कलम १९ मध्ये व्यवसायांची यादी नाही. ज्या कोणाला शंका किंवा माहिती आहे, त्याने पोलिसांना कळवायचं. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. या रुंद जाळ्याचा त्रासही झाला. संमतीने संबंध ठेवणाऱ्या किशोरवयीन मुली डॉक्टरकडे जायला घाबरू लागल्या, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव उघड करण्याच्या सक्तीतून डॉक्टरांना सवलत दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाचं प्रकरण त्याच न्यायालयासमोर होतं. आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराची माहिती असूनही कळवलं नाही, असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांच्या प्रकरणातही संस्थाचालकांवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला.

तरी आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आणि खासगी प्रबोधिनींमध्ये समज हाच आहे की आधी ‘सरांच्या’ कानावर घालावं, मग प्राचार्य पाहतील, मग अंतर्गत समिती बसेल. सर हा आपल्याकडे फार मोठा शब्द आहे, स्पर्धेची निवड आणि शिष्यवृत्ती त्याच्या हातात असते. पॉक्सो अशी पायरी मानत नाही. समिती बसवायची असेल तर बसवा, पण अठरा वर्षांखालच्या खेळाडूबाबत पोलिसांना कळवून झाल्यावर. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेला १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आज देशभर चालतो. प्रत्येक क्रीडासंकुलाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत तो लावावा आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहावं की, हा फोन करायला प्रशिक्षकाची, प्राचार्यांची किंवा संस्थेची परवानगी लागत नाही. सफाई कामगाराच्या नेमणूकपत्रातही हेच वाक्य असावं आणि असा फोन केल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही, याची संस्थाप्रमुखाच्या सहीची हमीसुद्धा.